अक्षयाचं गाऱ्हाणं

हर्णैचा बाजार मागे पडला तरी अक्षया थांबायला तयार नव्हती. मुरुडहून आम्ही उजाडतानाच निघालो होतो. माघातल्या संकष्टीला मी दरवर्षी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला पायी जाते. एरवी एकटीच जाते. यंदा ही म्हणाली, "काकी, मी पण येते." आणि आता मलाच मागे टाकून चालली होती. पुढे जायची, थांबायची, उलटी फिरून माझ्यापर्यंत यायची आणि पुन्हा तरातरा पुढे.

"अगो, एवढ्या फेऱ्यांत तू दोनदा आंजर्ल्याला पोचली असतीस," मी म्हटलं. "जरा सरळ चाल की."

"उपासामुळे तुम्हाला चालवत नाहीये."

"उपास तुलाही आहे."

"मी खिचडी दोनदा खाल्ली."

रस्त्याच्या कडेला मासळी सुकत घातली होती. तिने नाक वर करून मोठ्ठा श्वास घेतला. "काकी, संकष्टीला नुसता वास घेतलेला चालतो का हो?"

"घे घे. वासाला कोण पकडणार?"

हसली, पण लगेच हात फोनकडे गेला. आदल्या दिवशी तिच्या बाबांचा मुंबईहून फोन आला होता. दोनच वाक्यं बोलले. "शिमग्याला घरी ये. येताना गादी, पुस्तकं, सगळं सामान घेऊनच ये." शिमगा पुढच्या पौर्णिमेला. म्हणजे पोरीचं कॉलेज बंद, हे मला न सांगताच कळलं.

अक्षया माझ्याकडे राहते. आमच्या इथे सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, एक आर्ट्स कॉलेज आहे. लहानसंच आहे. हॉस्टेल नाही, म्हणून मागच्या दोन खोल्या मी मुलींना देते. तिचं गाव सावर्ड्याच्या आत, डोंगराच्या अंगाला. घरची भातशेती. बाबा रावजी मुंबईला गोदामात कामाला, घरी आई आणि चुलते, रामाकाका. घरातली बारावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच मुलगी. तीही सायन्सला कमी मार्क पडले म्हणून इकडे आली. पहिल्या दिवशी ट्रंक ठेवता ठेवता मला म्हणाली, "आर्ट्सला म्हणे ज्यांना काही जमत नाही ते येतात. म्हणून आलेय."

मग मात्र तिला कॉलेजचं वेडच लागलं. एवढंसं कॉलेज, भिंतीला भिंत लागून वर्ग. पलीकडे इतिहासाचा तास चालला की हिला इकडे ऐकू यायचा, आणि ही उठून तिकडे जाऊन बसायची. मराठीच्या बाईंनी एकदा विचारलं, "तू आमच्या वर्गातली नाहीस ना?" तर म्हणाली, "नाही, पण तुम्ही मघाशी मध्येच थांबलात, पुढे काय झालं ते ऐकायचंय." बाईंनी बसू दिलं. शिक्षकांच्या घरी जाऊन पुस्तकं आणायची, ती अर्धी वाचून दुसरी आणायची. सकाळी शिक्षिका व्हायचं असायचं, दुपारी कलेक्टर. शाळेत ही कधी तोंड उघडत नसे असं तिची आई सांगायची. मला ते खरंच वाटायचं नाही.

सगळ्यांत जास्त ती रमली समाजशास्त्रात. गुरुप्रसाद सर वीज गेली की वर्ग व्हरांड्यात घेतात. त्यांनी मुलांना गावात फिरून माणसांना विचारायचे प्रश्न तयार करायला शिकवलं. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. ही घरी आली आणि माझ्यावरच प्रयोग.

"काकी, तुम्हाला भात वाढू का आणि मी गप्प बसू का?"

"हो," मी म्हटलं.

"बघा! आता हे 'हो' कशाला, भाताला की गप्प बसायला?"

"दोन्हीला."

त्याच तासाचं पुढे एवढं रामायण होईल असं वाटलं नव्हतं. सरांनी प्रत्येकाला आपल्या गावची एखादी रीत निवडून तिच्यावर वर्गात बोलायला सांगितलं. अक्षयाने कौल निवडला. तिच्या गावी कुठलंही मोठं काम काढायचं तर आधी ग्रामदेवीला विचारतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलाच्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे लोकांचा प्रश्न देवीपुढे मांडतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अक्षया दिवाळीत घरी गेली तेव्हा कुणाच्या तरी विहिरीचा कौल होता. तिने गुरवाला, शिवाआजोबांना विचारून फोनमध्ये सगळ्याचा व्हिडिओ घेतला. कळी बराच वेळ पडेना. तेव्हा आजोबा देवीवर लटकेच रागावले, "आई, सांग ना गो आता. लेकरं कधीची उभी हत. तुला काय, तू बसलेली हस." 

मी ते पाहिलं तेव्हा मला भरून आलं. देवाशी एवढ्या हक्काने बोलणारं माणूस रोज दिसत नाही. वर्गातही सगळ्यांना आवडलं. पण त्यांच्यातला विनीत म्हणून एक मुलगा आहे, त्याने तेवढाच तुकडा काढला, वर हसणारी तोंडं चिकटवली आणि स्टेटसला ठेवला. तिथून तो फिरत फिरत तिच्या गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला. झालं. रावजीची पोर कॉलेजात देवीला हसायला शिकली, असं गावभर झालं.

विनीत नंतर खाली मान घालून माझ्या दारात आला होता. हातात आईने दिलेली आमसुलं. अक्षया म्हणाली, "आमसुलं ठेव आणि जा." मग तो फाटकापर्यंत गेल्यावर तिला वाईट वाटलं, तिने हाक मारली, आणि पुन्हा भांडली.

तेव्हापासून ही अशीच. जेवताना ताटावरून उठते. पुस्तक उघडते, मिटते. गावी जाऊन देवीच्या पाया पडते म्हणते, आणि तोंड धुऊन होईतो "मी काय पाप केलंय? कशाला पाया पडू?" म्हणते. एकदा तर पुण्याच्या गाड्या किती वाजता सुटतात तेही विचारून आली होती.

खाडीवरच्या पुलाशी आलो तेव्हा मी तिला हाताला धरून कठड्यापाशी उभी केली. पाण्याला ओहोटी लागली होती.

"एक विचारू? एकच विचारते," मी म्हटलं. "तुला मनातून काय वाटतं? तुझं चुकलं का?"

"मी आजोबांना विचारलं होतं, काकी. कॉलेजात दाखवणार म्हणून सांगितलं होतं. ते हो म्हणाले."

"त्यांना कॉलेज म्हणजे काय वाटलं असेल?"

पुलावरून एक टेम्पो गेला, पूल हलल्यासारखा वाटला.

"त्यांना वाटलं असेल, शाळेसारखं," ती म्हणाली. "सर फळ्यापाशी बसून बघतील आणि शाबास म्हणतील. फोनमध्ये घातलेलं कुठेही जातं, हे त्यांना कुठे ठाऊक? मला ठाऊक होतं. आणि मी व्हिडिओची फाईल वर्गात सगळ्यांना पाठवली." मग हळूच म्हणाली, "गाव बोललं ते जाऊ दे. आजोबा माझा फोन उचलत नाहीत. लहानपणी देवळात गेले की खोबऱ्याचा मोठा तुकडा मलाच द्यायचे."

देवीसमोरचं गाऱ्हाणं देवीसमोरच राहायला हवं होतं, हे मला आधीपासून वाटत होतं, आणि आता तिलाही ते कळलं होतं. आम्ही पूल ओलांडला.

कड्यावरची चढण ती माझ्याबरोबर चढली, पहिल्यांदाच. देवळात मी नारळ ठेवला, अथर्वशीर्ष म्हटलं. ती गणपतीपुढे हात जोडून क्षणभर उभी राहिली, बाहेर गेली, प्रदक्षिणा घालून आली, पुन्हा बाहेर. मी आले तेव्हा ती खाली समुद्राकडे तोंड करून बसली होती. फोन मांडीवर पालथा.

"रामाकाकांचा फोन आला होता," ती म्हणाली. "शिमग्याला पालखी सहाणेच्या ओट्यावर बसली की माझा कौल लावणार आहेत. बाबांनीही हो म्हटलंय. देवीचा शब्द येईल तसं करू म्हणाले."

"मग बरंच आहे की. देवी काही तुझं वाईट करायची नाही."

"काकी, काय विचारणार आहेत ते ऐका ना. 'पोरीवर तुझा कोप झालाय, तिला कॉलेजातून काढून घरी ठेवू का?' असं." ती माझ्याकडे वळली. "आता उजवी कळी पडली तर देवी कशाला हो म्हणाली? रागावलेय म्हणाली, की घरी ठेवा म्हणाली? आणि डावी पडली तर काका म्हणणार, कोप नाही म्हणाली, कॉलेजचं कुठे बोलली? असं कसं विचारतात देवीला? तिला बिचारीला दोनच कळ्या."

मला हसू आलं. "मग सांग की काकांना तसं."

"मी? देवीला प्रश्न कसा विचारायचा ते मी सांगू? आधीच म्हणतात पोर शहाणी झाली." ती पायाखालचा चिरा नखाने खरवडत राहिली. या पोरीला इतका वेळ एका जागी बसलेली मी पाहिली नव्हती.

"कॉलेजचं मी देवीवर टाकणार नाही," ती म्हणाली. "ते बाबांशी बोलेन. समोर बसून बोलेन. ओरडले तरी बोलेन. एकच वर्ष राहिलंय, ते मला तिथेच करायचंय. पण देवी रागावलेय का, ते मला खरंच माहीत नाही हो. ते मला कळायला हवं."

"आणि रागावलेय असं आलं तर?"

"तर आजोबांच्या आणि तिच्या पाया पडेन. सगळ्या गावासमोर. पण ते वेगळं, कॉलेज वेगळं."

खालून लाटांचा आवाज येत होता. तिने माझ्या पदराचं टोक हातात घेतलं, लहान मुलं घेतात तसं.

"काकी, तुम्ही शिमग्याला माझ्याबरोबर गावी या. परगावच्या माणसाचाही कौल लावतात आमच्यात, आणि पाहुण्या बाईला सहाणेवर कुणी अडवत नाही. तुम्ही शिवाआजोबांना गाऱ्हाणं घालायला सांगा. एवढंच म्हणा, 'आई, अक्षयावर तुझा राग आहे का?' पुढे काही जोडू नका. आणि रामाकाका त्यांचा जोडप्रश्न घेऊन उठायच्या आधी विचारा हं."