कॉम्प्युटर म्हणे ओके, अन् गाडीत मोहाचा वास!

दोस्तहो, आज गॅरेजात हसून हसून पोट दुखलं!

सासरहून परतल्यापासून आमची कार चढावर दमून राह्यली होती. आज चंद्रपुरात गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर लावला, तर एकही बिघाड दिसला नाई.

मी म्हटलं, "मंग गाडीत मोहाच्या दारूसारखा वास काऊन येते?" सारे माझ्या नवऱ्याकडेच पाहू लागले. तो ओरडला, "अवं, मी नाई पिलो!"

शेवटी मीच एअर फिल्टरचा डबा उघडायले लावला. आत उंदरांनी मोहफुलं ठासून भरली होती! सासरी अंगणात मोह वाळत होता, अन् गाडी बाजूलेच उभी होती. डबा साफ होताच इंजिनले हवा भेटली अन् गाडी सुसाट!

सासूबाईले फोन केला, तर भलतंच निघालं. मोह कमी झाला म्हणून त्यांनी शेजारणीच्या बकरीले शिव्या दिल्या होत्या.

आता सांगा, पहिले माफी कोणाची? नवऱ्याची का बकरीची?