बुढा येऊन राह्यला
ओल्या सोयाबीनचा कुबट वास आला की शेलूबाजारच्या गोदामातली ती दुपार आठवते. मोठ्या साहेबांना आम्ही चोरून बुढा म्हणायचो. कंपनीच्या ॲपवर सोबतच्या बाईंना म्हणून मी लिहिलं, "बुढा येऊन राह्यला, ओले पोते मांगं सरकवा," आणि पाहते तर ते सगळ्या कंपनीच्या पानावर! पुसायला गेले तर नेट गेलं. परत आलं तेव्हा खाली साहेबांचा अंगठा उमटलेला होता. आता नोकरी गेलीच, म्हणून माझे हात गार पडले. तेवढ्यात दारात जीप थांबली. "बुढा आला," साहेब म्हणाले, "पोते लपवता काहून? उन्हात वाळू घाला." आज त्यांच्या खुर्चीत मी आहे. काल त्याच पानावर वाचलं, "बुढी येऊन राह्यली." मी अंगठा दिला, आणि ती बुढी म्हणजे मीच हे उमगून हात पुन्हा माझेच गार पडले.