टोकनभाऊंचा डबा

टोकनभाऊंवर मी जितका जळलो, तितका सख्ख्या भावावरही जळलो नाही. दुसऱ्या महायुद्धात बाजारातली चिल्लर गायब झाली, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच्या नावाची पितळी, पुठ्ठ्याची टोकनं काढली होती. सुटे नसले की तीच गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. ती जुनी टोकनं आम्ही दोघंही जमवायचो. मी अमरावतीत, भाऊ अकोल्याला जठारपेठेत. मी भंगारवाल्यांकडे खेटे घालून हैराण, आणि त्यांना लोक घरी आणून देत. फुकट!

त्याचं कारण त्यांची खोड. टोकन हाती आलं की ते त्या दुकानदाराचे वारस शोधत. दुकान चालू असलं तर गल्ल्यावर टोकन ठेवून म्हणत, "तुमच्या आज्यानं देल्लं होतं. याचं काय येते ते द्या." नातू आधी चक्रावायचा, मग घरातल्यांना हाका मारायचा. कोणी सुपारी देई, कोणी बत्तासे. टोकन तिथंच सोडून भाऊ बत्तासे खात परत.

एकदा माझ्यादेखत जुन्या शहरातल्या किराणा दुकानात त्यांनी एक टोकन मूठभर फुटाण्यांवर घालवलं. तसलं दुसरं मी आजवर पाहिलेलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊ, मले काहून नाही देल्लं?" परतताना मी मोर्णा नदीच्या पुलावरच भांडलो.

"तुले कायले देऊ? तुयं हाय का ते?" फुटाणे माझ्यापुढे धरत ते म्हणाले, "खाय. गरम हायेत."

मी खाल्ले नाहीत.

गेल्या वर्षी भाऊ कायमचे मुलीकडे नागपूरला निघाले. त्यांचा उरलेल्या टोकनांचा डबा दुसऱ्या कोणाच्या हाती पडेल या धास्तीनं मी पहिल्या गाडीनं अकोला गाठलं. त्यांनी आपण होऊन तो माझ्या मांडीवर ठेवला.

"हे कोणाचे, मले सापडलं नाही. आता तू पाय. घर सापडलं का देऊन टाकजो."

मी मान डोलावली. त्या वेळी मी कशालाही मान डोलावली असती.

हिवाळ्यात भाऊ वारले. पुढे त्यातल्या एका टोकनाचा पत्ता लागला. तिवस्यातलं ते हॉटेल अजून चालू आहे, पणतू चालवतो. मी गेलो, चहा मागवला. टोकन खिशात, मुठीत घट्ट.

"कुठून आले काका?" पणतूनं अगत्यानं विचारलं.

"अमरावतीहून."

मूठ काही उघडेना. चहाचे पैसे फोनवरून दिले आणि टोकन घेऊन तसाच बसमध्ये येऊन बसलो. भाऊ असते तर एव्हाना त्या घराच्या आतल्या खोलीत बसले असते, लहानथोर सगळे भोवती गोळा झाले असते. असा राग आला मला त्यांचा!