लोह नसलेलं खाद्य

ठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत एखादा पांढरा उंदीर मेला की बोलणी मला बसायची. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी डोंबिवलीहून यायची आणि माझं डोकं तेव्हा सदान्‌कदा तापलेलं असायचं.

प्रयोग सांगायला सोपा होता. बियाण्याला लावायचं एक बुरशीनाशक उंदरांना थोडं थोडं खाऊ घातलं की त्यांचं यकृत बिघडतं. रक्ताचा लाल रंग ज्या द्रव्यांपासून बनतो, ती पुढे न सरकता यकृतात साठतात आणि लघवीतून बाहेर पडतात. हा पोर्फिरिया. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांचं म्हणणं असं, की अंगात लोह असेल तरच तो भडकतो. म्हणून एका गटाला बुरशीनाशक द्यायचं, पण खाद्य लोह नसलेलं. ते उंदीर धड राहिले तर सर जिंकले आणि माझी फेलोशिप चालू राहिली.

ते खाद्य मी स्वतः बनवायचं, असा सरांचा दंडक होता. मक्याचं पीठ, दूध पावडर, तेल, जीवनसत्त्वं, सगळं डिस्टिल्ड पाण्यात, लोह न सोडणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात शेगडीवर घोटायचं आणि रजिस्टरात सही करायची. दोन आठवडे घोटलं, मग कंटाळले. पिंजरे साफ करायला खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी होत्या. सहा वर्षं रोजंदारीवर, कायम होण्याची वाट बघत. त्यांना म्हटलं, "तुम्हीच घोटा. आणि यातला एक जरी मेला ना, तर बघा!" सही मात्र मीच करत राहिले.

तपासणीच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत सरांनी लघवीच्या नळ्यांवर अतिनील दिवा धरला. पोर्फिरियाची लघवी त्या उजेडात लाल चमकते; लोह नसलेल्या गटाच्या नळ्या फिक्या राहायला हव्या होत्या. त्या कोकमाच्या सरबतासारख्या लाल दिसल्या.

"खाद्यात लोह आलं कुठून?" सर म्हणाले. "तीन वाजता तुम्ही आणि मावशी, दोघी केबिनमध्ये या."

मी खाद्याच्या खोलीत धावले. शेगडीवर काळी लोखंडी कढई होती.

"मावशी, ही कुठून आली?"

"घरशी आणली. बाय, कान बघलंस उंदरांचं? पांढरंफक! आंगान रगतच नव्हता. माझे सुनेला डॉक्टरनी सांगलेला, लोखंडाचे कढईन शिजवून खा. आन तूच बोललीस ना, एकपन मरता कामा नये? मग, एक तरी मेला काय?"

चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. मी संतापले, आणि राग खरा स्वतःवरच काढायला हवा हे मला नीट माहीत होतं, म्हणून तो आणखीच वाढला.

तीन वाजता सरांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "सही तुमची आहे. खाद्य कोणी बनवलं?"

"मावशींनी," मी म्हणाले. "मला न विचारता कढई वापरली."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मी पुढचंही सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. सरांनी त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. सहीबद्दल मला फक्त समज मिळाली.

"आजचा खाद्य घालून जाऊ काय?" मावशींनी विचारलं. सरांनी मान डोलावली.

आठवड्याभरात सरांच्याच लक्षात आलं, की कढईतून उतरलेल्या एवढ्याशा लोहानेही आजार भडकला असेल, तर त्यांचं म्हणणं उलट पक्कंच होतं. मी बाजारातून नवी कढई आणली आणि तोच प्रयोग मुद्दाम, नीट करून दाखवला. लेख छापून आला. सरांच्या खाली माझं नाव होतं. फेलोशिप वाढली. मावशींना परत बोलवा, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यांचा कोळीवाडा प्रयोगशाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर होता. प्रयोगशाळेत मी आणखी चार वर्षं काम केलं आणि एकदाही त्या रस्त्याने गेले नाही.