ट्राम अंगात आलेले सुभेदार

साऱ्या सातारा शहरात ट्राममध्ये बसलेली माणसं दहा-बारा तरी निघतील, पण ट्राम अंगात आलेला माणूस एकच, आणि तो माझ्या धाकट्या जावेचा भाऊ आहे. फौजेत सुभेदार होते. चार वर्षं कलकत्त्याला काढली. तिथून लोक साड्या आणतात, मिठाई आणतात, यांनी ट्राम आणली. म्हणजे डोक्यात आणली. पेन्शनीत आल्यावर बहिणीच्या समोरच घर घेतलं आणि तेव्हापासून ती ट्राम आमच्या गल्लीतून रोज धावते आहे. भाजी महाग झाली, का, तर ट्राम नाही म्हणून. पोरं उशिरा घरी येतात तीही त्याचमुळे. एका लग्नात नवरदेवाची गाडी नाक्यावर अडकली आणि मुहूर्त टळला, तेव्हा हे भर मांडवात नवरीच्या बापाला म्हणाले, "पाव्हणं, ट्राम आसती तर आत्तापातूर पोरगी नांदाय गेली आसती." त्या बिचाऱ्याच्या डोळ्यात आलेलं पाणी जागच्या जागी आटलं.

यांचं चालणंही ट्रामसारखंच. रस्त्याच्या मधोमध, नाकासमोर. मागून रिक्षावाले हॉर्न मारून दमतात. "आवं आबा, कडंला व्हा की!" म्हणतात, तर हे मागे न बघता विचारतात, "रूळ सोडून कडंला जाता येतंय व्हय रं?" सकाळी दहाला माझ्या दारावरून जातात. हाक मारली तर थांबत नाहीत. पुढे विजेच्या खांबापाशी जाऊन उभे राहतात, कारण स्टॉप तिथे आहे. बाजारातून मिरच्या सांगायच्या तर मी खांबापर्यंत चालत जायचं. मी एकदाच गेले. दुसऱ्या दिवसापासून मिरच्या माझ्या मी आणते.

धाकट्या जावेला मात्र काहीच आणता येत नव्हतं. तिचे गुडघे गेले. बसची पायरी तिला उंच पडते आणि रिक्षात वाकून शिरता येत नाही. दर गुरुवारी राजवाड्याजवळच्या मंडईत जाऊन वांग्यांवरून भांडल्याशिवाय जिला जेवण जायचं नाही, ती दोन वर्षं गल्लीबाहेर पडली नव्हती. दुसऱ्याने आणलेली वांगी उलटीपालटी करायची आणि म्हणायची, "ह्यापेक्षा उपास बरा."

अशात पेपरात बातमी आली की स्टँडपासून राजवाड्यापर्यंत ट्राम आणायचा विचार चालू आहे. पोरगा भरती झाला की आमच्याकडे पेढे वाटतात, तसे सुभेदारांनी वाटले. मोजणीची माणसं येणार कळल्यावर तर त्यांना झोपच लागेना. ट्राम आमच्याच गल्लीतून गेली पाहिजे म्हणून पहाटे उठून दोरी धरली आणि मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन गल्लीभर दोन रेघा मारल्या.

आता आमच्या गावात रस्त्यावर पांढरी रेघ दिसली की ती कोणी मारली हे माणूस विचारत नाही. रस्ता रुंद होणार समजतो आणि आधी आपला पत्रा सोडवतो. पाडणारे आले तर पत्रा वाकतो, आपण काढला तर धड राहतो. नऊ वाजायच्या आत चहावाल्याने छप्पर उतरवलं, गिरणीवाल्याने स्वतःच्या पायऱ्यांना पहार लावली. एक रेघ माझ्या ओट्यावरून गेली होती. मी बत्ता घेऊन ओट्यावर बसले. म्हटलं, या कोण येताय ते. अकराला मोजणीवाले आले, त्यांनी फीत टाकली आणि एकमेकांकडे बघत राहिले. नकाशापेक्षा रस्ता रुंद भरत होता.

मग खरं काय ते बाहेर आलं. चहावाला पत्रा डोक्यावर घेऊनच भांडायला आला. सुभेदार शांतपणे म्हणाले, "मग बसीव की परत. पर रेघंच्या भायेर."

पुढे हरकती ऐकायला सभा ठेवली. भिंतीवर नकाशा होता. ट्रामची तांबडी रेघ मोठ्या रस्त्याने सरळ गेली होती, आमच्या गल्लीकडे तिने ढुंकूनही बघितलं नव्हतं. चहावाला ट्रामविरुद्ध अर्ज लिहून घेऊन आला होता. मी गंमत बघायला गेले होते. सुभेदारांची पाळी आली. आता हे अर्धा तास कलकत्ता सांगणार म्हणून मी पदर सावरून बसले, तर त्यांनी पिशवीतून धाकटीच्या देवघरातला पाट काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, रूळ कुठनं बी न्या. पायरी एवढीच ठिवा."

"एवढीच का?"

"माजी भन एवढीच चढती."

चहावाल्याने अर्ज घडी करून खिशात घातला. मला रडू वगैरे येत नाही, मला राग आला. बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "सुभेदार, रेघा कसल्या वडत बसला? ह्योच पाट बसच्या दारात टाकला आसता तर?"

ते जागच्या जागी उभे राहिले. स्टॉप नसताना ट्राम थांबलेली मी पहिल्यांदाच बघितली.

"अक्का, ह्ये सुचलंच न्हाई."

"डोक्यात रूळ आसल्यावर कुठनं सुचंल!"

गुरुवारी आम्ही तिघं मोठ्या रस्त्यावर गेलो. बस आली. सुभेदारांनी दारात पाट टाकला. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, काय चाललंय?" "पायरी," सुभेदार म्हणाले. धाकटी पाटावर चढली, पाटावरून बसमध्ये गेली. मंडईत ती वांगीवालीशी इतकं भांडली की शेवटी ती बाई म्हणाली, "मावशी, लय दिसांनी आला."

ट्राम अजून आलेली नाही. विचार चालू आहे म्हणतात. सुभेदार आता दहाच्या ऐवजी सव्वादहाला येतात. उशीर झाला असं मी त्यांना सांगत नाही. स्टॉपही खांबावरून हलवून माझ्या ओट्यापाशी आणला आहे, कारण तिथून खांबापर्यंत त्यांनाच दम लागतो. पाट माझ्याच ओट्यावर असतो, गुरुवारी लागतो म्हणून. माझे गुडघे धड आहेत. तरी परवा गल्लीत कोणी नाही बघून मी त्यावर पाय ठेवून बघितला. उंची बरोबर आहे.