आत्तीनं दवाखाना बघितला

आमची आत्ती परक्या घरात शिरायच्या आधी उंबऱ्याशी थांबून वास घ्यायची. डोळे मिटायची, नाक जरासं वर करायची. आत भात कुठल्या तांदळाचा शिजतोय, गोठा कधी सारवलाय, घरातलं कोणी नुकतंच रडून गप्प बसलंय का, हे सगळं तिला म्हणे तिथंच कळायचं. लोक हसायचे. पण आमच्या दिग्गी गावाच्या आसपासच्या वाड्यांतल्या पोरींची लग्नं आत्तीनं घर बघितल्याशिवाय ठरत नसत, हेही तितकंच खरं.

आत्ती म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परतली ती कायमची. सोयरिकीचं घर बघायला गेली की पुरुष ओसरीवर पानं लावत बसायचे, आणि आत्ती मागच्या दारानं विहिरीकडे जायची. तिचं एक बोलणं होतं, "घर बोलत न्हाई बाय, घरातली सून बोलती. तिला इचारायचं." आणि रीत अशी की सोयरीक ठरेपर्यंत त्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही. पाणी घेतलं म्हणजे शब्द दिला. कितीतरी घरांतून आत्ती उन्हातान्हाची कोरड्या घशानं परत आलेली मी बघितली आहे.

माझं पहिलं लग्न ठरलं तेव्हा मात्र ती तापानं आडवी होती. बघायला गेलं नाही कोणी. मी एवढीशी होते; मला त्या लग्नातला हळदीचा वास आठवतो, माणसाचं तोंड नाही आठवत. नांदायला जायच्या आधीच तो माणूस गेला.

मग मी पंधरा-सोळाची झाले. जर्मनच्या लढाईच्या गोष्टी तेव्हा सुप्याच्या बाजारात ऐकू यायच्या. काळी नदीपलीकडच्या एका बिजवराशी माझा पाट, विधवेचं दुसरं लग्न, लावायचा असं बाबांच्या मनात होतं. त्याची पोरं माझ्याएवढी. तेवढ्यात जोयड्याच्या रेंजरसाहेबांच्या बाईंनी सांगितलं की बेळगावच्या एका दवाखान्यात मुलींना नर्सिंग शिकवतात, राहायचं-जेवायचं तिथंच, फक्त लिहिता-वाचता यायला हवं. मला येत होतं. बाजारातून मीठ बांधून आलेले कागद वाचून वाचून मी शिकले होते. तिसऱ्या दिवशी बाबा आत्तीला म्हणाले, "आक्का, तू बघून ये. तू व्हय म्हटलंस तर जाऊ दे. न्हाई म्हटलंस तर शिमगा झाला की पाट लावतो. मग पोरीनं तोंड उघडायचं न्हाई."

तर माझा सगळा जन्म आत्तीच्या नाकावर येऊन थांबला.

बैलगाडीनं लोंढ्याच्या स्टेशनाकडे निघालो, ते धुकं मला अजून कधी कधी डोळे मिटले की दिसतं. झाडांचे नुसते बुंधे दिसायचे, वर काही नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज पुढून येतोय की मागून, कळत नव्हतं. मला वाटायचं, आपण निघालोच नाही, अजून घरीच पडून स्वप्न बघतोय. आत्तीनं मला आपल्या घोंगडीत घेतलं होतं. वाटभर ती एवढंच बोलली, "आगगाडीत भेऊ नकोस. मी बी भ्यायची न्हाई." पण आगगाडी हलली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं, ते बेळगाव येईपर्यंत सोडलं नाही.

दवाखान्याच्या दाराशी ती थांबली. डोळे मिटले, नाक वर केलं. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका हरवलेला बघितला. "फिनेलचा वास हाय नुसता," ती म्हणाली. "त्याच्या खाली काय हाय, कायबी कळंना."

मग ती नेहमीसारखी मागच्या बाजूला गेली. तिथं दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या, ओळीनं, वाऱ्यानं फुगलेल्या. त्यांच्यातून चालताना पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं. शेवटच्या चादरीमागं एक शिकणारी मुलगी पिळे घालत होती. आत्ती तिच्यासमोर उकिडवी बसली.

"काय गं, सासू जेवाय घालती का?"

मुलगी हसली. "मोठ्या बाई होय? त्या आमच्याच पंगतीला बसतात."

"आणि तू दुखण्यानं पडलीस तर?"

"आम्हाला वेगळी खोली आहे. मला ताप आला तेव्हा त्याच उशाशी होत्या."

"मेलेल्या माणसाला हात लावाय लागतो?"

"लागतो. पहिल्या वेळी एकटीला नाही पाठवत."

"आई आठवली म्हणजे?"

मुलीनं हातातला पिळा आणखी घट्ट केला. "चादरी असतातच की धुवायला."

आत्तीनं मुलींच्या निजायच्या खोलीचं दारही लावून बघितलं. "कडी आतनं हाय," एवढंच पुटपुटली.

मोठ्या बाई आपल्याच, मराठी बोलणाऱ्या. केस पिकलेले, आवाज करडा. त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या. आत्ती खाली बसली, तिच्याशेजारी मी. त्यांनी फुलपात्रात पाणी पुढं केलं. आत्तीनं फुलपात्राला हात लावून ते तसंच ठेवलं. बाईंनी पुन्हा आग्रह केला. आत्तीनं मान हलवली. बाईंचा चेहरा बदलला.

"आमच्या हातचं चालत नाही का? इथं महार असो, मुसलमान असो, सगळ्यांना पाणी पाजावं लागतं. तुमच्या मुलीला हे जमायचं नाही. तुम्ही घेऊन जा तिला."

नदीपलीकडचं घर मला समोर दिसायला लागलं.

आत्ती घाईनं बोलली, "तसं न्हवं बाई. बाटतंय म्हणून न्हाई. सोयरीक ठरायच्या आदी आमी पाणी घेत न्हाई. ही पोर द्यायची हाय मला. घर बघाय आल्ये मी."

बाईंच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं. "सोयरीक. बरं. मग पसंत पडलं का घर?"

मी आत्तीकडे बघितलं. बाबांनी तिच्याकडून एकच शब्द मागितला होता. ती तो बोलली नाही. फुलपात्र तिनं फरशीवरून माझ्याकडे सरकवलं.

"पयल्या वेळी हिला कोणी इचारलं न्हवतं," ती बाईंना म्हणाली. "ह्या खेपेला हिला इचारा."

मी पाणी प्याले. थंड होतं, पितळेची थोडी चव उतरलेलं. सगळं संपवलं.

आत्ती संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती. फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिनं माझा पदर नीट केला, घोंगडी मला दिली, वर म्हणाली, "हितं थंडी वेगळी असती." मला राहवलं नाही. मी विचारलं, "आत्ती, खरं सांग. तुला कसं वाटलं गं हे घर?"

"मला न्हाई आवडलं," आत्ती म्हणाली. "लई माणसं मरत्यात हितं. वासच कळत न्हाई."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पाणी प्याली असतीस काय?"

आणि ती निघाली. बाबांना काय सांगितलं, कसं सांगितलं, मला कधी कळलं नाही. पाट काही लागला नाही. माझं शिक्षण पुरं व्हायच्या आत, एका पावसाळ्यात, नदी दोन्ही काठांवर चढलेली असताना आत्ती गेली. निरोप पोचायला पाणी उतरावं लागलं. माझ्या अंगावर नर्सचा पांढरा कपडा तिनं कधी बघितला नाही, आणि ते घर पुढं तिला आवडलं असतं की नाही, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.