एक दिवसाआड पाणी

मेंढीच्या मानेवरचं कातडं ती दोन बोटांच्या चिमटीत धरायची, वर ओढायची आणि सोडून द्यायची. कातडं लगेच जागेवर बसलं, की पुढची मेंढी. रेंगाळलं, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं; मग तोंडून एवढंच यायचं, "बघाय पायजे."

मी तेव्हा मंगळवेढ्याच्या बाजूला एका गावात, जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नवीन लागलो होतो. ती सांगोल्याकडची, साठी ओलांडलेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी पन्नास-साठ मेंढरं, आठ-दहा शेळ्या आणि सून, असा सगळा परिवार घेऊन ती आमच्या शिवारात उतरायची. मी तिला मावशी म्हणायचो आणि ती मला डागदर. मी डॉक्टर नाही, हे मी चार वेळा सांगून पाहिलं.

"सुई टोचता न्हवं? मग झालं की," ती म्हणायची.

अशा माणसांना शिकवायला जाण्याची हौस नव्या नोकरदाराला फार असते, हे तुम्हीही पाहिलं असेल. मी तिला ऐकवलं, "एवढ्या उन्हात एक दिवसाआड पाणी? रोज पाजा."

ती रागावली नाही. खाली वाकून तिनं दोन लेंड्या उचलल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. खडखडीत वाळलेल्या.

"वल सोडत न्हाईत ती भाईर. मुततात तेबी थेंबभर. रोजची सवय लावली आन् एक दिस न्हाय मिळालं, तर मी कुटं जाऊ?"

लोकर बारीक कातरून घ्या, असंही मी सुचवलं होतं. तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तुमी टोपी का घालता?"

त्यानंतर मी शिकवणं सोडून पाहायला लागलो. भर दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून गोल उभी राहायची, श्वास तेवढा भराभर चाललेला. शेळ्या बाभळीखाली मागच्या पायांवर उभ्या राहून पाला ओढायच्या. मावशी मात्र सावलीत बसली तरी सारखी आभाळाकडे, वाटेकडे, मेंढरांच्या डोळ्यांकडे बघत असायची. कुणाचे डोळे खोल गेले, हे तिला लांबूनच कळायचं.

एका वर्षी, ज्या विहिरीच्या भरवशावर ती आली होती, तीच आटली. टँकर यायचा तो गावापुरता, तोही कधी येई, कधी नाही. एका सकाळी सुनेचा फोन आला. "डागदर, मेंढरांना पानी न्हाय, आज तिसरा दिस हाय. आत्या कायबी बोलत न्हाईत." सासूला ती आत्या म्हणायची.

मी मोटारसायकल काढली. एक गाभण मेंढी आडवी झाली होती. मावशी तिच्या मानेशी बसली होती. चिमटीतून सोडलेलं कातडं तसंच उभं राहत होतं.

दोन मैलांवर एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात पाणी होतं. मी फोन केला. तो म्हणाला, "न्या की." मला वाटलं, सुटलो. मावशीचा चेहरा मात्र आणखी उतरला.

"तळ्यात प्लास्टिक आथरलंय न्हवं? एक घसरलं की वर येत न्हाय. आन् एकामागनं समदी उतरत्यात." तिच्या भावाची सात मेंढरं अशीच गेली होती.

तिनं सरळ वाट सोडली आणि लांबचा फेरा धरला, वारं पाठीमागून राहावं म्हणून. पाण्याचा वास आधी लागला असता, तर कळप आवरला नसता. गाभण मेंढी मधे घेऊन मी आणि सून गाडीवरून पुढे गेलो. तळ्यापासून लांब एक अर्धं कापलेलं पिंप ठेवलं आणि बादलीनं भरायला लागलो. मेंढरं पाच-पाच करून सोडायची, असं ठरलं होतं.

तिसऱ्या खेपेला वारं फिरलं. सगळ्या मुंड्या एकदम वर झाल्या. मावशी धावत बांधावर चढली आणि पाण्याकडे पाठ करून, काठी आडवी धरून उभी राहिली. तोंडानं तिचा नेहमीचा हाळीचा आवाज चालूच होता, घोगरा, पण संथ. शेळ्या तिच्या बगलेतून निसटायला बघत होत्या. एक निसटली आणि घसरली. मी पालथा पडून तिचं शिंग धरलं, सुनेनं माझे पाय धरले. ती शेळी वर आली.

बाकीचा कळप थांबला. पाच-पाच करून सगळी प्यायली. पोटं दोन्ही बाजूंनी टरारली.

मग मावशी मटकन खाली बसली. ओठ फुटलेले, जीभ जड. तिच्या वाट्याची पाण्याची बाटली तिनं पहाटेच त्या गाभण मेंढीच्या तोंडात रिकामी केली होती.

"मावशी, असं कुणी करतं का?" मी चिडून म्हणालो.

"मला मागता येतंय की. तिला बोलता येतंय का?" ती म्हणाली आणि हळूहळू, घोटाघोटानं पाणी प्यायली.

मेंढी चौथ्या दिवशी व्याली. मावशी त्याच वर्षीच्या थंडीत गेली, तिच्या गावी, साध्या तापानं. मला महिन्याभरानं कळलं. सुनेनं मेंढरं विकली आणि ती नवऱ्याकडे सोलापुरात गेली. तो तिथं अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात असतो.

आता त्या वाटेनं कुणाचा कळप येत नाही. तरी ऊन तापायला लागलं, की मी त्या शेतकऱ्याला फोन करतो आणि तळ्यात पाणी किती आहे, ते विचारतो. कशासाठी, असं त्यानं अजून विचारलेलं नाही. "हाय अजून," म्हणतो, आणि मी फोन ठेवतो.